एका माणसाचं नवं

बाहेरगावच्या पाहुण्यांना मुंबई दाखवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करते. माझं काम लिहिण्याचं. कुठे काय बघावं, कुठे काय खावं, देवळात चपला कुठे काढाव्यात, असलं सगळं. ऑफिस गिरगावात, दोन खोल्यांचं. मॅनेजर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, पण मला मॅडम म्हणतो आणि माझ्या मजकुरातला काना-मात्रासुद्धा बदलत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. केलं ते चाळीच्या गॅलरीत बसून, शेजारच्या बिऱ्हाडाच्या दिव्याच्या उजेडात. त्याचं कौतुक मला अजून वाटतं आणि ते लपवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

कंपनीच्या वेबसाइटवर सुगीचे सण आणि त्या सणांतलं खाणं यांवर एक मोठं पान आहे, तेही माझंच. पोंगल, ओणम, बिहू, बैसाखी, संक्रांत, सगळं एकेक करून लिहिलं. वेबसाइटचा साचा बाहेरून घेतलेला, त्यात एक चौकट होती, ‘राष्ट्रीय पदार्थ’. तोच साचा वापरणाऱ्या इतर देशांतल्या कंपन्यांनी ती भरली होती. आपल्याकडे काय घालायचं यावरून ऑफिसात आठवडाभर वाद झाला. मॅनेजर म्हणाला खिचडी. हिशेब बघणारी मुलगी म्हणाली बिर्याणी. मी म्हटलं, ज्या देशात दर दोन स्टेशनांना आमटीची चव बदलते तिथे ही चौकट रिकामीच ठेवा. ती अजून रिकामी आहे आणि त्यावरून पाहुण्यांची पत्रं येतात.

त्याच पानावर आमच्या भागाबद्दल पाच-सहा ओळी आहेत. लालबाग, परळ, करी रोड, घोडपदेव इथल्या कोकणातल्या घरांमधून आश्विन पौर्णिमेला नवं बांधतात. म्हणजे गावच्या शेतातली भाताची ताजी लोंबी, नाचणीचं कणीस आणि कुरडूचं फूल आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला, देव्हाऱ्याला बांधायचं, आणि त्याच दिवशी नवीन तांदळाचे दाणे खिरीत घालून खायचे. त्याआधी नवा भात तोंडात घालायचा नाही. मी लिहिलं, ‘इथल्या घरोघरी आजही हे होतं.’

लिहिताना हात अडखळला नाही. पण घोडपदेवच्या आमच्या खोलीत, जिथे मी एकटी राहते, दोन वर्षं नवं आलेलं नव्हतं.

आमच्या नव्याचे दोन नियम होते. कुठल्या पोथीत ते नसावेत, निदान मला सापडले नाहीत. पहिला नियम मोजणीचा. गावाला काका असतात, वडिलांचे धाकटे भाऊ. शेत तेच बघतात. पौर्णिमेच्या आधी मुंबईच्या बिऱ्हाडानं त्यांना कळवायचं, की या वर्षी आमच्या चुलीवर जेवणारी माणसं इतकी. बांधायला पानं, कुरडू, नाचणी हवी तेवढी, पण लोंब्या तेवढ्याच ते पाठवणार. कमी नाही, जास्त नाही. प्रत्येकाच्या वाट्याला एक लोंबी, तिचे दाणे नखांनी सोलून प्रत्येकाच्या वाटीत. दुसरा नियम असा, की नवं आपल्या हातानं घ्यायचं नाही. दुसऱ्यानं द्यायचं. वडील आईला द्यायचे, आई आम्हाला, आणि सगळ्यांत धाकटं असेल त्यानं सगळ्यांत थोरल्याला.

आकडा कळवायचं काम सुरुवातीला माझ्याकडे होतं. वडील गिरणीत होते, सही करायचे, पण लिहिणं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. मी तिसरीत गेले तशी पोस्टकार्डं माझ्या हाती आली. ‘तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार. नवे पाच माणसांचे पाठवणे.’ आजी, वडील, आई, बहीण आणि मी. एवढंच लिहायला मी पाऊण तास लावायची, कारण वडील शेजारी बसून माझ्या अक्षराकडे बघत असायचे. पुढे आजी गेली, चार झाले. बहिणीचं लग्न झालं. लग्न झालेली मुलगी सासरच्या चुलीवर मोजली जाते, म्हणून तीन. तोपर्यंत घरात फोन आला आणि आकडा सांगायचं काम आईनं घेतलं. वडील गेले आणि दोन. दोनवर आम्ही पुष्कळ वर्षं टिकलो.

काका दरवेळी तेच विचारायचे, “कितक्या माणसांचा नवा धाडू?” आई गॅलरीत उभी राहून ओरडून सांगायची, जणू फोन नसता तरी गावापर्यंत आवाज पोचला असता. पुडकं रातराणी गाडीनं लालबागला यायचं, ओल्या गोणपाटात बांधलेलं. आई सकाळी जाऊन घेऊन यायची. दाराला बांधायची, देव्हाऱ्याला बांधायची, नळाला बांधायची, आणि एक पान माझ्या पदवीच्या फ्रेमच्या खिळ्याला. मी म्हणायचे, आई, हे काय. ती म्हणायची, का गो, ह्याच्यावर आपण जेवत नाय काय?

खीर झाली की आम्ही समोरासमोर बसायचो. ती मला द्यायची, मी तिला. दोघींचे हात एकाच वेळी पुढे यायचे आणि एकमेकींना आपटायचे. दरवर्षी आपटायचे, आणि दरवर्षी ती म्हणायची, “मोठ्याक आधी.” पण मोठीनं आधी द्यायचं की आधी घ्यायचं, हा प्रश्न दोघींतच सोडवायचा असल्यामुळे तो कधी सुटला नाही.

आई गेली त्या वर्षी घरात सण नाही, म्हणून नवं नव्हतं. कुणी विचारलं नाही, मलाही सांगावं लागलं नाही. मला बरंच वाटलं होतं. पुढचं वर्ष आलं तसं मात्र कळलं, की आता फोन मला करायचा आहे.

मी केला नाही. कामाचं निमित्त नव्हतं, विसरलेही नव्हते. काका आकडा विचारणार आणि मला ‘एक’ म्हणावं लागणार. माणसांसमोर मी एकटीनं राहते हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. ऑफिसात सांगते, डॉक्टरला सांगते, सोसायटीच्या फॉर्मवर लिहिते. पण ज्या माणसाला मी पाच लिहून पाठवले, चार लिहून पाठवले, त्याला एक सांगायचं म्हणजे सगळी वजाबाकी आपल्याच तोंडानं करून दाखवायची. मनाला समजावलं, की काकांना माहीत आहे, मोजायला काय उरलंय, पाठवतील त्यांचे ते.

पौर्णिमेच्या सकाळी मी लालबागला जाऊन उभी राहिले. गाड्या एकामागून एक येत होत्या. क्लीनर डिकीतून पुडकी काढत होता आणि गावांची नावं घेत होता. आमच्या गावाची चार पुडकी निघाली. ओळखीतली एक बाई आपलं घेऊन गेली, जाताना म्हणाली, काय गो, तुझा इला? मी म्हटलं, येईल मागच्या गाडीला. मागची गाडी आली. डिकी रिकामी झाल्यावर क्लीनरनं विचारलं, ताई, तुमचं काय राहिलंय का? मी म्हटलं, नाही, मी पाहुण्यांना घ्यायला आलेय. तो गाडीत डोकावून म्हणाला, सगळी उतरली.

मग मी मसाल्याच्या गिरणीत जाऊन अर्धा किलो मालवणी मसाला घेतला, रिकाम्या हातानं परत जायला नको म्हणून. घरी न जाता दादरला गेले आणि फुलबाजारातून तोरणवाल्याकडच्या लोंब्या आणल्या. झेंडूच्या हारात खोवायला ठेवतात त्या. कुठल्या शेतातल्या, कधी कापलेल्या, कोण जाणे. त्यांना मळ्याचा वास नव्हता, झेंडूचा होता. दाराला बांधल्या. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं असेल, हिच्याकडेही आलं. खीर केली नाही. आदल्या दिवशीचा भात फोडणीला घालून खाल्ला.

या वर्षी पावसाळा संपता संपता त्या पानावरून एक पत्र आलं. आसाममधलं साठीतलं जोडपं, दोघंही निवृत्त शिक्षक. बाईंनी लिहिलं होतं, की आमच्याकडेही नवा भात खाण्याचा सण असतो, मुलं दूर असतात, आता दोघांनीच करतो. त्या दिवसांत आम्ही मुंबईत आहोत. ज्यांनी हे लिहिलंय त्यांच्याच घरी नवं बघायला आणि जेवायला मिळेल का?

मॅनेजर खूश झाला. म्हणाला, मॅडम, हे तर तुमच्याच घरचं. मी म्हटलं, गावाहून येईल की नाही सांगता येत नाही. तो म्हणाला, मग दादर आहे ना, त्यांना काय कळणार आहे. तो वाईट बोलला नाही. मागच्या वर्षी मीच केलेली युक्ती त्यानं सुचवली होती. पण दिवसभर कशात मन लागेना. दोन म्हातारे शिक्षक एवढ्या लांबून येणार, माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवून, आणि मी त्यांना झेंडूच्या वासाच्या लोंब्या दाखवणार. आणि दोन वर्षं फोन न करणाऱ्या चुलीला काका आणखी किती दिवस चूल म्हणून धरतील, तेही कळत नव्हतं. तिसऱ्या वर्षीही बोलले नाही तर आमचं बिऱ्हाड त्यांच्या मोजणीतून गेलंच असतं, आणि त्यात त्यांचा दोष नसता.

रविवारी सकाळी गॅलरीत जाऊन फोन लावला. काकांनी उचलला आणि मी कोण हे सांगायच्या आतच म्हणाले, “काय गो चेडवा, बरी असस मां?” मग मागच्या वर्षाचं त्यांनीच काढलं. म्हणाले, तू काय बोललंस नाय, माका वाटला आता थंय कोण करतला. रागानं नाही बोलले. भाताला पाणी कमी पडलं म्हणून पीक वाळलं, अशा सुरात बोलले. मी म्हटलं, काका, या वर्षी पाठवा.

“धाडतंय. कितक्या माणसांचा?”

मी म्हटलं, “तीन.”

आधी ठरवलेलं नव्हतं. जिभेवर आलं आणि बोलून गेले. पण बोलल्यावर इतकं हलकं वाटलं, की दुरुस्त करावंसं वाटेना. काकांचा आवाज एकदम चढला. तीन? कोण कोण गो? बहीण येता काय? की तू काय माका न सांगता... आणि ते हसले. सत्तरीच्या माणसाला माझ्या पन्नाशीतही आशा होती. आता मला सांगावंच लागलं. म्हटलं, दोन पाहुणे येणार आहेत, आसामचे, नवं बघायला.

त्यांचं हसणं थांबलं. मग म्हणाले, “पावण्यांचा नवा नसता गो. पावण्यांनी येवचा, जेवचा, जावचा. चुलीवरची माणसा किती?”

तिकडे अंगणात कुणीतरी बादली ओतली, त्याचा आवाज आला.

“इतक्या शिकलंस,” काका म्हणाले, “आनि चुलीची माणसा मोजूक येना नाय तुका?”

“एक, काका,” मी म्हटलं. “एकच.”

मला भीती होती ती कीव करणाऱ्या ‘अगो बाय माझ्या’ची. त्याची वाट बघत मी कठडा धरून उभी होते. काका म्हणाले, बरा, मंगळवारच्या रातच्या गाडीक घालतंय, बुधवारी सकाळी जाऊन घे, गाडी थांबूची नाय. आणि फोन ठेवला.

बुधवारी पुडकं आलं. ओलं गोणपाट, वर पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं बांधलेला. त्यावर आमच्या चाळीचा पत्ता, आणि खाली ‘माणूस १’. काका दुसरीपर्यंत शिकलेले. तो एक त्यांनी बॉलपेननं दोन-तीनदा गिरवला होता, पावसात पुसू नये म्हणून असेल. आत आंब्याची पानं, कुरडू, नाचणीचं कणीस. लोंबी एकच. मी गोणपाट झटकून पाहिलं. खरंच एक.

राग आला हे कबूल करते. एवढं शेत तुमच्यापाशी, एक मूठभर टाकली असती तर काय बिघडलं असतं? बसथांब्यापासून घरापर्यंत हाच विचार करत चालले. जिना चढताना मात्र लक्षात आलं, की जास्त पाठवल्या असत्या तर तो दिलासा झाला असता. पाठवली ती मोजून पाठवली, जशी इतर चुलींना पाठवली तशी.

पाहुणे पौर्णिमेला अकरा वाजता आले. बाई बारीक, चपळ, जिना चढून आल्यावरही न थांबता बोलणाऱ्या. गृहस्थ कमी बोलणारे, पण दाराच्या कडीला मी बांधलेलं पान त्यांनी वाकून नीट बघितलं आणि चपला काढताना ते हलू नये म्हणून अंग चोरून आत आले. आमच्यात हिंदीतच बोलणं झालं. मी काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं, भोपळ्याचे वडे, अळूवड्या, आणि नारळाच्या दुधातली गुळाची खीर. बाईंनी वड्याचं भोक बघून कारण विचारलं. मला माहीत नव्हतं. आई करायची म्हणून मी करते, असं सांगितलं. पानावर सगळ्याची कारणं लिहिणारी मी, पण हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

लोंबी देव्हाऱ्यापुढे होती. मी बसून दाणे सोलायला घेतले. नवा दाणा ओला असतो, टरफल चटकन सुटत नाही, नख आत घुसवावं लागतं. बाई माझ्या बाजूला येऊन बसल्या, पण हात लावला नाही. दुसऱ्याच्या नव्याला हात लावू नये, हे त्यांनाही ठाऊक असणार. बोलता बोलता मी त्यांना मोजणीचा नियम सांगितला आणि दुसराही सांगून बसले.

बाईंनी विचारलं, मग तुम्हाला कोण देतं?

मी म्हटलं, आई द्यायची.

गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले. बाई पदर सावरून, फार हळू, म्हणाल्या, “मी देऊ?”

त्यांचा हात पुढे आला नव्हता, पण येणार होता. शिक्षिकेचा हात, बोटांवर शाईचा डाग नसला तरी ओळखू येणारा. मी हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्यांनाही बरं वाटलं असतं, ऑफिसात सांगायला गोष्ट झाली असती. पण काकांना मी एक सांगितलं होतं. ते सांगायला मला दोन वर्षं लागली होती. आता परत तीन करायचे?

मी म्हटलं, तुम्ही पाहुण्या आहात. आमच्यात पाहुण्यांनी फक्त जेवायचं असतं.

त्या हसल्या, मान हलवली आणि आग्रह केला नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मी तिघांच्या वाट्यांत खीर वाढली. सोललेले दाणे सगळे माझ्या वाटीत घातले. देवाला हात जोडले. मग माझ्याच उजव्या हातानं पहिला घास घेतला. खीर गोड होती, दाणे मात्र शिजलेले नव्हते, कच्चे, दुधट लागले. एक दाढेत अडकला. समोर कुणाचा हात येऊन माझ्या हाताला आपटला नाही, आणि ते न आपटणं मला मनगटापर्यंत जाणवलं. मग मी पाहुण्यांना म्हटलं, चला, सुरुवात करा, वडे निवतायत.

ते पोटभर जेवले. बाईंनी सांबार दोनदा घेतलं. जाताना त्यांनी सांगितलं, की त्यांच्या घरी दोघं एकमेकांना वाढतात आणि कधी कधी त्यावरून भांडतात, कोणी आधी. मी म्हटलं, भांडा. गृहस्थ पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. त्यांना मी खालच्या टॅक्सीपर्यंत सोडून आले.

चारच्या सुमाराला भांडी घासत होते तेव्हा काकांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. ओले हात पदराला पुसून उचलला. पुडकं नीट मिळालं का, लोंबी चिरडली नव्हती ना, असं विचारून झालं. मग म्हणाले, “आनि नवा कोणी दिल्यान तुका? पावण्यांनी?”

“नाही,” मी म्हटलं. “मीच घेतलं.”

मला वाटलं, आता बोलतील. आमच्यात असं कुणी केलेलं नव्हतं. त्यांच्या घरी त्या दिवशी दहा-बारा माणसं जेवली असणार, मागून त्यांचा गलका ऐकू येत होता.

“बरा केलंस,” ते म्हणाले. “आता फुडल्या वर्साक फोन करूची गरज नाय. मी इचारूचंय नाय. एक धरतलंय.”

“धरा,” मी म्हटलं.

मग त्यांनी खालच्या मळ्यातलं भात आडवं पडल्याचं सांगितलं, रानडुकरांचं सांगितलं, आणि कापणीला माणसं मिळत नाहीत हेही. मी हूं हूं करत ऐकत राहिले. नळाचं पाणी जायची वेळ झाली होती आणि खिरीचं पातेलं अजून घासायचं होतं.